भिंतीआड सापडलेला काळ : जुन्या इमारतींच्या दुरुस्तीविषयी वाचकांचे प्रश्न

शहरातील जुन्या इमारतींचे नूतनीकरण करताना गिलाव्याखाली, पोटमाळ्यावर किंवा फरशीखाली अनपेक्षितपणे काही सापडल्यास काय करावे, असे विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांपैकी एकमेकांशी जोडलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या जुन्या इमारतीत स्वयंपाकघराचे काम सुरू आहे. भिंतीवरची कपाटे उतरवल्यावर गिलाव्याचा एक पोपडा सुटला आणि त्याखाली रंगवलेली वेलबुट्टी व एका मानवी आकृतीचा हात दिसला. कंत्राटदार दोन दिवस थांबायला तयार आहे. या दोन दिवसांत मी काय करावे? — एक घरमालक

सर्वांत आधी, काय करू नये ते सांगतो. उरलेले चित्र पाहण्याची उत्सुकता कितीही अनावर झाली तरी आणखी एकही पोपडा नखाने, पत्र्याने किंवा छिन्नीने काढू नका. ओल्या फडक्याने धूळ पुसू नका, कारण चुन्याच्या भिंतीवरील जुने रंग पुष्कळदा डिंक किंवा सरस यांत कालवलेले असतात आणि पाण्याचा स्पर्श होताच ते सुटतात. रंग उठून दिसावा म्हणून त्यावर वार्निश किंवा तेल फिरवणे तर भिंत फोडण्याइतकेच घातक आहे. तसे केल्याने भिंतीतील ओल आणि क्षार आतच कोंडतात व काही महिन्यांत रंगाचा थर खपल्यांनी गळू लागतो.

आता करायच्या गोष्टी. खोलीचा साधा नकाशा कागदावर काढा, प्रत्येक भिंतीला एक अक्षर द्या आणि चित्र कोणत्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते मोजून लिहा. त्यानंतर छायाचित्रे घ्या : आधी पूर्ण खोलीचे, मग पूर्ण भिंतीचे, मग जवळून, आणि प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी दिसू द्या. सुटलेला पोपडा फेकू नका. तो कुठून सुटला ते लिहून कागदी पाकिटात ठेवा, कारण त्याच्या कडेला वरपासून खालपर्यंतचे सगळे थर एकावर एक दिसतात आणि तज्ज्ञाला पहिली माहिती तिथूनच मिळते. मग स्थानिक पुरातत्त्व किंवा वारसा विभागाला कळवा आणि भित्तिचित्रांवर काम केलेल्या संवर्धकाला बोलवा. घरात सुरू असलेले इतर काम थांबवण्याची गरज सहसा नसते. त्या एका भिंतीपासून हादरे, पाणी आणि धूळ दूर राहिली तर पुरेसे आहे.

आपल्यासारखाच प्रसंग इंग्लंडमधील यॉर्क शहरात, मिकलगेट या रस्त्यावरील एका फ्लॅटमध्ये घडला. तेथेही स्वयंपाकघराचे काम चालू असताना कपाटांमागे सतराव्या शतकातील भित्तिचित्र सापडले आणि ते १६३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सचित्र पुस्तकातील प्रसंगांवरून रंगवलेले आहे, हे ओळखता आले. चित्राची तपशीलवार छायाचित्रे काढून त्याच आकाराची छापील प्रत मूळ चित्रावर लावण्याचा आणि मूळ चित्र पुन्हा झाकण्याचा मार्ग तेथे निवडला गेला. आपल्यालाही कदाचित हाच सल्ला मिळेल, आणि मिळाल्यास निराश होऊ नका. शेकडो वर्षे अंधारात आणि एकाच दमटपणात राहिलेल्या रंगाला अचानक मिळालेला प्रकाश, वाफ आणि धूर सोसतोच असे नाही. नीट नोंद करून, श्वास घेऊ शकेल अशा आवरणाखाली चित्र पुन्हा झाकणे हा संवर्धनाचाच एक प्रकार आहे.

जागेची नोंद करण्याचा एवढा आग्रह का, असे आपल्याला वाटेल. सापडलेली वस्तू किंवा चित्र स्वतःविषयी थोडेच सांगते. ते कुठे होते, कशाच्या खाली आणि कशाच्या वर होते, शेजारी काय होते, यातून बाकीचे कळते. वस्तू उचलली की हा शेजार कायमचा मोडतो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. येमेनमधील सना शहरातील मोठ्या मशिदीची दुरुस्ती १९७२ मध्ये चालू असताना कामगारांना छत आणि त्यावरील आच्छादन यांमधील पोकळीत जुन्या चर्मपत्रांचा आणि कागदांचा ढीग सापडला. त्याचे मोल कोणाच्या लक्षात आले नव्हते, म्हणून तो पोत्यांत भरून बाजूला ठेवण्यात आला. पुढे अभ्यासकांनी पाहिल्यावर त्यात कुराणाच्या अतिप्राचीन प्रतींची पाने असल्याचे स्पष्ट झाले आणि एका प्रतीत तर वरच्या लेखनाखाली पुसून टाकलेले आधीचे लेखन अतिनील प्रकाशात वाचता आले. पाने वाचली हे सर्वांचे भाग्य, परंतु पोत्यात एकदा मिसळलेल्या पानांपैकी कोणते कशावर पडले होते, हे आता कोणी सांगू शकत नाही.

प्रश्न : काम सुरू करण्यापूर्वीच भिंतीत काही दडले आहे का, हे समजू शकते का? प्रत्येक वेळी तोडफोड झाल्यावरच पश्चात्ताप करावा लागतो. — वास्तुशास्त्राची एक विद्यार्थिनी

बऱ्याच अंशी समजू शकते, आणि त्यासाठी महागड्या यंत्रांपेक्षा सावकाश पाहण्याची सवय अधिक उपयोगी पडते. रात्री खोलीतले दिवे मालवा आणि एक विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिचा प्रकाश भिंतीच्या अंगावरून तिरपा जाऊ द्या. दिवसा सपाट वाटणाऱ्या गिलाव्यावर बुजवलेल्या दाराची चौकट, जुन्या खिळ्यांच्या ओळी, कोनाड्याची कड किंवा रंगाखालच्या चित्राच्या कुंचल्याचे फटकारे सावल्यांच्या रूपाने उमटतात. मग भिंतीवर बोटाच्या पेराने हलके ठोकत जा. भरीव आणि पोकळ आवाजांतला फरक दहा मिनिटांत कानाला कळू लागतो. तिसरे काम मोजमापाचे. प्रत्येक खोलीची आतील लांबी, भिंतींची जाडी आणि इमारतीची बाहेरील लांबी यांचा मेळ घाला. बेरीज जुळत नसेल, तर न जुळणारे अंतर कुठेतरी बंद पोकळीच्या रूपाने उभे असते.

इटलीतील फ्लॉरेन्स शहरातील मेदिची चॅपल या प्रार्थनास्थळाचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. १९७५ मध्ये तेथील संग्रहालयाचे संचालक पाओलो दाल पोज्जेत्तो प्रेक्षकांना बाहेर पडण्यासाठी नवी वाट शोधत होते. एका कपाटाखाली झाकण असलेला मार्ग आणि त्याखाली एक चिंचोळी खोली मिळाली, जी पूर्वी कोळसा साठवायला वापरली जात असे. साध्या व्यवस्थापकाने ती झाडून वापरात आणली असती. दाल पोज्जेत्तो यांनी मात्र आधी भिंतींच्या गिलाव्याची चाचणी करवली आणि चुन्याखाली कोळशाने व गेरूने काढलेली अनेक रेखाटने दिसू लागली. १५३० मध्ये मायकेलँजेलो जिवाच्या भीतीने लपून बसला होता, तेव्हा त्यानेच ती काढली असे मत त्यांनी मांडले. सर्व रेखाटने त्याच्याच हातची आहेत का यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. पण त्या गिलाव्याला चाचणीशिवाय हात लागला असता, तर मतभेद व्हायलाही काही उरले नसते.

भिंतीइतकेच कागद वाचा. जुने नकाशे, खरेदीखते, करआकारणीच्या नोंदवह्या आणि आगीच्या विम्यासाठी तयार केलेले नकाशे यांतून इमारतीखाली आणि इमारतीपूर्वी तिथे काय होते ते कळते. अमेरिकेत सॅनबॉर्न कंपनीने १८६७ पासून अशा विमा नकाशांत प्रत्येक इमारतीच्या भिंती विटांच्या की लाकडी, मजले किती, वापर कशासाठी, हे रंगांनी आणि खुणांनी दाखवले आहे. नकाशा उपलब्ध असूनही त्याचा अर्थ गंभीरपणे न घेतल्यास काय होते, हे १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दिसले. एका सरकारी कार्यालयाच्या इमारतीसाठी खोदकाम सुरू होते. अठराव्या शतकातील नकाशात त्या जागी कृष्णवर्णीयांची दफनभूमी स्पष्ट लिहिलेली होती, परंतु नंतरच्या इमारतींच्या पायांनी ती केव्हाच नष्ट झाली असावी असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात काही मीटर भरावाखाली ती शाबूत होती. ४१९ व्यक्तींचे अवशेष बाहेर आल्यावर आणि लोकांनी तीव्र विरोध केल्यावर काम थांबले. २००३ मध्ये त्या अवशेषांचे सन्मानाने पुन्हा दफन झाले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. शहराने ज्या गुलाम माणसांच्या श्रमावर आपली उभारणी केली, त्यांची आठवण शहराच्याच पायाखाली होती. ‘नष्ट झाली असावी’ या तीन शब्दांवर विसंबणे किती महाग पडते, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीचे वय कोणी दीडशे वर्षे सांगते, कोणी अडीचशे. भिंतीतूनच वय ठरवता येते का? — एक वाचक

इमारतीचे एकच एक वय असते, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. जिना एका काळातला, छप्पर दुसऱ्या, खिडक्या तिसऱ्या आणि दर्शनी भिंत चौथ्या काळातली असू शकते. म्हणून प्रश्न भागाभागाने विचारावा.

भिंतीतील साहित्य एक गोष्ट खात्रीने सांगते : हा थर अमुक वर्षाच्या आधीचा असू शकत नाही. जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले. त्यामुळे चुन्याच्या भिंतीत ज्या जागी सिमेंट सापडते, ती जागा त्यानंतर कधीतरी उघडली गेली आहे. रंगांचेही तसेच आहे. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झाला, कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२० च्या दशकाच्या अखेरीस, आणि टायटॅनियमचा पांढरा रंग साधारण १९२० च्या आसपास बाजारात आला. संवर्धक रंगाचा कणाएवढा नमुना राळेत बसवून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा थर झाडाच्या सालीसारखे एकाखाली एक दिसतात आणि एखाद्या थरात टायटॅनियम आढळले, तर तो थर कितीही जुना भासला तरी विसाव्या शतकातलाच ठरतो. लोहाराने एकेक ठोकून घडवलेले चौकोनी खिळे, मग पत्र्यातून यंत्राने कापलेले आणि त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सर्वत्र पसरलेले तारेचे गोल खिळे, हा क्रमही असाच उपयोगी आहे. भिंतीला चिकटवलेल्या कागदाचे अस्तर म्हणून वर्तमानपत्र वापरलेले असेल, तर तारीखच छापलेली मिळते.

लाकडाच्या बाबतीत अधिक नेमके उत्तर मिळू शकते. झाडाच्या वार्षिक वलयांची रुंदी त्या त्या वर्षीच्या हवामानानुसार कमीजास्त होते आणि एका प्रदेशातील झाडांत तोच क्रम उमटतो. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी जिवंत झाडांपासून मागे मागे जात वलयांची साखळी जुळवली. प्राचीन वस्त्यांतील लाकडांशी तिचा दुवा मात्र जुळत नव्हता. १९२९ मध्ये ॲरिझोनातील एका जळक्या तुळईच्या तुकड्याने तो जुळवला आणि अनेक वस्त्यांच्या तारखा एका रात्रीत निश्चित झाल्या. तुळईवर सालीची कड शिल्लक असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडले हे सांगता येते. कड तासून टाकलेली असेल, तर केवळ ‘त्यानंतर’ एवढेच. म्हणून जुनी तुळई बदलताना सुताराला सालीची बाजू न तासता तुकडा ठेवायला सांगा. अर्थात त्या प्रदेशातील त्या जातीच्या झाडांची साखळी आधी तयार असावी लागते.

येथे एक सावधगिरी हवी. चांगले लाकूड आणि घडवलेला दगड पूर्वी कोणी टाकून देत नसे. पडलेल्या घराची तुळई नव्या घरात बसवली जाई. तुळईवर कशातही न बसणारी खाच किंवा रिकामे सांध्याचे भोक दिसले, तर ती दुसऱ्या कुठल्या तरी छपराखाली आधीचे आयुष्य काढून आलेली आहे असे समजा. अशा तुळईवरून घराचे वय ठरवणारे पुष्कळ जण फसतात.

प्रश्न : छताच्या लाकडी फळ्यांवर कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे मिळाले. काही पाने चिकटली आहेत, काहींवर बुरशी आहे. ती सुटी करून लॅमिनेट करावीत का? — एक निवृत्त शिक्षक

लॅमिनेट करू नका. त्यातील उष्णता आणि प्लास्टिक कागदाला असे बांधून टाकतात की पुढे ते सोडवताना कागदच जातो. चिकटपट्टीही नको. चिकटलेली पाने ओढू नका, गाठोडे ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने राहू द्या, कारण पत्रांचा क्रम हीदेखील माहिती असते. थंड, कोरड्या, वारा खेळत्या जागी आम्लविरहित कागदाच्या पेटीत ते ठेवा, बुरशी आलेली पाने वेगळ्या पेटीत ठेवून तोंडाला मुखपट्टी आणि हातांत हातमोजे घालूनच हाताळा व अभिलेखागारातील कागद-संवर्धकाला दाखवा. मालकीविषयी त्या ठिकाणचा कायदा काय म्हणतो ते आधी विचारून घ्या. पत्रांत हयात माणसांच्या किंवा त्यांच्या आईवडिलांच्या खासगी गोष्टी असतील, तर त्या जगजाहीर करण्यापूर्वी त्या कुटुंबाचा शोध घेणे हे आपले कर्तव्य मानावे.

कागद मामुली दिसत असले तरी त्यांना कमी लेखू नका. कैरोतील बेन एझ्रा या यहुदी प्रार्थनास्थळात निरुपयोगी झालेले लिखित कागद नष्ट न करता एका बंद कोठीत टाकण्याची पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या इमारतीची पुनर्बांधणी झाली, तेथील कागद बाजारात दिसू लागले आणि १८९६-९७ च्या हिवाळ्यात केंब्रिजचे सोलोमन शेक्टर तिथे पोचले. त्यांनी आणलेल्या तुकड्यांची संख्या दोन लाखांच्या जवळपास भरते. धर्मग्रंथांइतकीच त्यांत विवाहाची करारपत्रे, हिशेब, मुलांनी गिरवलेली अक्षरे आणि व्यापाऱ्यांची पत्रे आहेत. बाराव्या शतकात मंगळूर येथे राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू याचा पत्रव्यवहार आज आपण वाचू शकतो तो या कोठीमुळे. राजांच्या इतिवृत्तांत त्याचे नावही आले नसते.

प्रश्न : अशा कामात आरोग्याला धोका असतो का?

असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जुन्या तेलरंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, इतरत्र वेगवेगळ्या वेळी. असे रंग कोरडे घासल्यास किंवा जाळून काढल्यास निघणारी धूळ आणि वाफ विशेषतः लहान मुलांना अपाय करते. विसाव्या शतकात नळांभोवती, पत्र्यांत आणि फरशांत ॲस्बेस्टॉस भरपूर वापरले गेले. त्याचे तंतू हवेत उडू नयेत म्हणून ते प्रशिक्षित माणसांकडूनच काढवावे. जुन्या भिंतकागदांतील झगझगीत हिरवा रंग सोमलयुक्त असू शकतो. कार्ल शील याने असा हिरवा १७७५ मध्ये बनवला आणि पुढील शतकात तो घरोघरी पोचला. हाडे आढळली, तर ती माणसाची नाहीत असे स्वतः ठरवू नका. काम थांबवून पोलिसांना कळवा. जुनी दारूगोळ्यासारखी वस्तू दिसल्यास छायाचित्रासाठीही जवळ जाऊ नका.

प्रश्न : आमच्या सभागृहाच्या भिंतीवर आजच्या रंगाखाली एकोणिसाव्या शतकातील नक्षी आहे आणि तिच्याखाली आणखी जुने, बहुधा अधिक सुंदर काम असल्याचे चाचणीत दिसले. समितीतील बहुतेकांना सर्वांत जुना थर उघडायचा आहे. आपले मत काय? — दुरुस्ती समितीचे एक सदस्य

माझे मत समितीच्या बहुमताविरुद्ध आहे, हे आधीच सांगतो. खालचा थर उघडायचा म्हणजे वरचा नष्ट करायचा. त्या नक्षीचे कारागीर, तिच्याखाली भरलेल्या सभा आणि तिच्याकडे पाहत वाढलेल्या दोन-तीन पिढ्या यांना आपण भिंतीवरून खरवडून काढतो. स्मारकांच्या संवर्धनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. इमारतीच्या जडणघडणीत सर्व काळांनी घातलेली भर आदराने जपावी आणि खालचा थर उघडणे अपवादात्मक परिस्थितीतच समर्थनीय ठरते : काढून टाकायच्या थराला फारसे महत्त्व नसेल, उघडा होणारा थर फार मोलाचा असेल आणि त्याची अवस्था चांगली असेल तेव्हा. हा निर्णय काम करणाऱ्या एकट्या व्यक्तीने घेऊ नये, हेही त्यात म्हटले आहे. आपल्या नक्षीला ‘फारसे महत्त्व नाही’ असे समितीने कोणत्या आधारावर ठरवले?

झाकले जाणे म्हणजे नेहमीच नुकसान, असेही नाही. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथील गिल्ड चॅपलमधील धार्मिक भित्तिचित्रांवर १५६३-६४ च्या सुमारास चुना फासण्यात आला. त्या वेळी नगरसंस्थेच्या हिशेबाची जबाबदारी नाटककार शेक्सपिअरच्या वडिलांकडे होती. चित्रे पुसण्याच्या हेतूने लावलेल्या चुन्याने त्यांना दोन शतकांहून अधिक काळ सांभाळले आणि १८०४ मध्ये दुरुस्तीच्या वेळी ती पुन्हा उजेडात आली. इस्तंबूलच्या हागिया सोफियामध्ये १८४७ ते १८४९ दरम्यान गास्पारे आणि ज्युसेप्पे फोसाती या भावांनी दुरुस्ती केली, तेव्हा बायझंटाइन काळातील मोझेक चित्रे उघडी झाली. मूळची चर्च असलेली ही इमारत त्या वेळी मशीद होती. फोसातींनी चित्रांच्या नोंदी आणि रेखाटने केली आणि ती पुन्हा झाकली. १९३१ पासून थॉमस व्हिटमोर यांच्या पथकाने ती उघडायला घेतली, तोवर त्यांतील काही नाहीशी झाली होती आणि आज त्यांच्याविषयी जे कळते ते फोसातींच्या कागदांतून. दुरुस्तीदारांनी काढलेली रेखाटने मूळ चित्रांपेक्षा अधिक टिकली. नोंदीचे मोल मी वारंवार सांगतो त्याचे हे एक कारण आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, सभागृहाच्या एखाद्या कमी दिसणाऱ्या कोपऱ्यात संवर्धकाकडून पायऱ्यांसारखी उतरती छोटी खिडकी उघडून घ्यावी, जिच्यात आजच्या रंगापासून मूळ भिंतीपर्यंतचा प्रत्येक थर पट्टीपट्टीने दिसेल. उरलेल्या भिंतीवर एकोणिसाव्या शतकातील नक्षी राहू द्या. तिच्याखालचे काम सुरक्षित आहे. पुढच्या काळात न खरवडता आतले पाहण्याची अधिक चांगली साधने येतील, तेव्हा त्या लोकांना निर्णय घेण्यासाठी काही शिल्लक असू द्या.

प्रश्न : आमची इमारत अगदी साधी, भाडेकरूंची आहे. कोणी थोर व्यक्ती तिथे राहिली नाही. तिच्यात इतिहास तो काय असणार? — एक भाडेकरू

आपला प्रश्न वाचून मन हेलावले, कारण हीच समजूत सर्वाधिक जुन्या इमारतींचा बळी घेते. राजवाड्यांचा इतिहास लिहिण्यासाठी दरबारी लेखनिक होते. मोलकरीण, शिंपी, गवंडी, विधवा स्त्री, नुकतेच शहरात आलेले कुटुंब यांच्याविषयी लिहायला कोणी नव्हते. त्यांच्या खोलीच्या भिंती तेवढ्या आहेत.

न्यूयॉर्कमध्ये ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट या पत्त्यावर १८६३ मध्ये बांधलेली एक भाड्याची चाळवजा इमारत आहे. १९३५ मध्ये नव्या नियमांनुसार सुधारणा करण्याऐवजी मालकाने वरच्या मजल्यांवरील भाडेकरूंना बाहेर काढले आणि ते मजले बंद केले. खालची दुकाने तेवढी चालू राहिली. १९८८ मध्ये एका संग्रहालयासाठी जागा शोधणाऱ्या दोन स्त्रियांना ते मजले अर्ध्या शतकापूर्वी सोडले तसेच आढळले. त्या इमारतीत सुमारे ७,००० माणसे राहून गेली असा अंदाज आहे. एकाही सम्राटाचा तिच्याशी संबंध नाही, तरी तिथे आज संग्रहालय आहे. जनगणनेच्या नोंदी, न्यायालयाची कागदपत्रे आणि भिंतकागदांचे थर यांची सांगड घालून कोणते कुटुंब कोणत्या खोलीत राहत होते, हे तिथे सांगितले जाते.

कधीकधी तर कामगार स्वतःच बोलतो. फ्रेंच आल्प्समधील पिकोंताल या गढीच्या लाकडी जमिनीची दुरुस्ती करताना फळ्यांच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला मजकूर सापडला. १८८०-८१ मध्ये ती जमीन घालणाऱ्या जोआकिम मार्टिन या सुताराने गावातील भानगडी, पाद्र्याविषयीचा राग, स्वतःच्या तारुण्यातील आनंद आणि एका बालहत्येचे मनाला लागून राहिलेले गुपित ७२ टिपणांत लिहून फळ्या उलट्या ठोकल्या होत्या. आपण मेल्यानंतरच कोणीतरी हे वाचील, हे त्याला ठाऊक होते. फळी सरळ भंगारात गेली असती तर?

इंग्लंडमधील नॉर्थहॅम्प्टन संग्रहालयात घरांच्या भिंतींत, धुराड्यांजवळ आणि फळ्यांखाली मुद्दाम लपवलेल्या जुन्या पादत्राणांची सूची १९५० च्या दशकापासून ठेवली जाते आणि तिच्या नोंदी सुमारे २,००० आहेत. बहुतेक पादत्राणे झिजलेली, एकेकटी, आणि पुष्कळशी लहान मुलांची. त्यांमागे घराचे रक्षण करण्याची श्रद्धा असावी असे अभ्यासक मानतात. कोणी त्याविषयी लिहून ठेवलेले नाही. शेकडो घरांतून नेमकी जागा नोंदली गेली, म्हणूनच त्यात एक प्रथा दिसू लागली. एकेकटा सापडलेला जोडा कचराच वाटला असता.

आपल्या इमारतीपुरते सांगायचे तर आजच कामाला लागता येईल. सर्वांत जुन्या रहिवाशांना त्यांच्याच खोलीत बसवून, परवानगी घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. ‘पूर्वी कसे होते’ असा मोघम प्रश्न विचारला की मोघम उत्तर येते; ‘ही खुंटी कशासाठी होती’, ‘हे दार कधी बुजवले’, ‘पाणी कोणत्या मजल्यापर्यंत चढत असे’, असे भिंतीकडे बोट दाखवून विचारले की आठवणी नावानिशी बाहेर येतात. कामावरच्या गवंड्याला आणि सुतारालाही विचारा. खुणेचा दगड, सांध्यावर छिन्नीने कोरलेले आकडे किंवा वेगळ्या विटांची ओळ त्यांच्या नजरेला आपल्याआधी दिसते. मात्र काही दिसले तर सांगावे आणि सांगितल्याबद्दल त्यांची मजुरी बुडणार नाही, हे कामाच्या पहिल्या दिवशी मालकाने किंवा मुकादमाने स्पष्ट शब्दांत सांगितलेले असले पाहिजे. करारातच लिहा की काही सापडल्यास त्या जागेचे काम ठरावीक दिवस थांबेल आणि तेवढ्या दिवसांचे पैसे दिले जातील. थांबण्याचा तोटा मजुरावर पडत असेल, तर सापडलेली गोष्ट राडारोड्याच्या ट्रकमध्येच जाणार, आणि त्यासाठी मी त्याला दोष देणार नाही.

प्रश्न : दुरुस्ती पूर्ण झाल्यावर आम्ही स्वतः काही ठेवून जावे का?

अवश्य ठेवावे. नवे काम जुन्यासारखे भासवून भिंतीला खोटे बोलायला लावू नये, हा संवर्धनातील एक जुना नियम आहे, आणि त्याचे साधे रूप म्हणजे नव्या तुळईच्या न दिसणाऱ्या बाजूवर वर्ष कोरणे. शक्य असल्यास काय उघडले, काय सापडले, काय पुन्हा झाकले आणि कोणत्या कारागिरांनी काम केले, याचे टिपण तयार करून त्याची एक प्रत अभिलेखागारात, एक मालमत्तेच्या कागदपत्रांत आणि एक इमारतीतच, ओल न पोचणाऱ्या जागी ठेवावी. टिपण चांगल्या, आम्लविरहित कागदावर पेन्सिलीने लिहा. शाई उडते, छपाईचे रसायन कागदाला चिकटते, आणि आजची साठवणुकीची साधने वाचणारे यंत्र पन्नास वर्षांनी असेल याची खात्री नाही. कारागिरांची नावे लिहिताना त्यांना विचारून, त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या.